कॅलेंडरवरचा थकवा

"काका, हे उलटं कसं?" आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर चाळत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही काठी घेऊन चालायला लागलात आणि थकवा मात्र वाढतोय? चार, सहा, आठ, नऊ!"

पक्षाघातात माझी वाचा गेली आणि उजवा हातही. थकवा रोज मोजून लिहायचा, असं बाईंनीच सांगितलं होतं. दिवेलागणीला ही विचारायची, "अहो, आज दहापैकी किती दमलात?" मी डाव्या हाताची बोटं दाखवायचो. आधी पाच, मग चार, हल्ली दोन. ती मान डोलवून दुधाच्या खाड्याशेजारी आकडा लिहायची. काय लिहिते, ते मी कधी पाहिलंच नाही.

"बाबा, हा थकवा तुमचा नाहीच. आईचा आहे," मुलगी पुटपुटली.

तेरा तारखेच्या चौकोनात दहा होते. चौदाच्या सकाळी मला आंघोळ घालता घालता ही मोरीतच कोसळली, ती पुन्हा उठली नाही.

पुढचे सगळे चौकोन कोरे होते. मी खुणेने पेन मागितलं आणि चौदा तारखेत, डाव्या हाताने, तिच्या नावाचं वेडंवाकडं शून्य काढलं.