आरसेवाल्यांचा ग्रह

दिवेलागणीलाच आरसेवाल्यांच्या पत्नी वेधशाळेच्या जिन्यावर येऊन बसल्या होत्या. ठेवणीतले कपडे, केस नीट बांधलेले. कुणाला तरी भेटायला आल्यासारख्या.

त्यांना पाहून म्हातारे निरीक्षक दारातच अडखळले. इथल्या दुर्बिणीचा मोठा आरसा या वहिनींच्या नवऱ्यानं हातानं घासून घडवला होता, आणि त्याच आरशातून निरीक्षकांना एक नवा लघुग्रह सापडला होता. ज्याला सापडला त्यानं नाव सुचवायचं, अशी रीत. पण ग्रहाची वाट पक्की कळल्याशिवाय नाव देता येत नाही. ती कळेपर्यंत वर्षं गेली. आरसेवाल्यांचं नाव मंजूर होऊन आलं, तेव्हा आरसेवालेच उरले नव्हते.

हे नाव कुणाचं, कशासाठी, ते सांगणाऱ्या चार ओळी निरीक्षकांनी वाचून दाखवल्या. एवढंच का, असं वहिनी विचारतील याची त्यांना धास्ती होती. पण वहिनी म्हणाल्या, कमीच बरं. आमच्या ह्यांना कौतुक सोसायचं नाही, कुणी करायला लागलं की मागच्या दारानं पसार व्हायचे.

मग पदर सावरून उठल्या. "आता दाखवा, भावोजी."

दाखवणार काय, कपाळ? तो ग्रह इतका अंधूक की डोळ्यांना दिसतच नाही. फोटोत एक ठिपका हळूहळू जागा बदलतो, तेवढाच. हे सांगायला निरीक्षकांची जीभ रेटेना. त्यांनी गुपचूप दुर्बीण एका ठळक ताऱ्याकडे वळवली.

वहिनींनी डोळा लावला आणि लगेच काढला.

"हे नव्हेत. एवढं उठून दिसायचं त्यांना कधी जमलं?"

निरीक्षक ओशाळले. खरं काय ते त्यांनी सांगून टाकलं. "दिसायचं नाही काही, वहिनी. नुसता काळोख."

"पण आहेत ना तिथं?"

"आहेत."

"मग तिकडे लावा."

दुर्बीण सरकली. वहिनी वाकल्या, त्या वर बघेचनात. निरीक्षकांनी मागे खुर्ची आणून ठेवली, तेही त्यांना कळलं नाही. बऱ्याच वेळानं, पाठ अवघडली असेल म्हणून, निरीक्षकांनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"राहू द्या इतक्यात," डोळा न काढता वहिनी म्हणाल्या. "घरीसुद्धा असेच काळोखात बसायचे."