कुंची

रंगुबाई कुंचीचे बंद बांधत होती. आतलं पाच दिवसांचं पोर रडत होतं. रडणं कसलं, नुसतं कण्हणं.

पोर तिच्या लेकीचं. लेक बाळंतपणातच गेली. शेळीचं दूध बोळ्यानं पाजलं, ते पोटात ठरेना. आणि पालाच्या दुसऱ्या कडेला तिची सून धोंडुबाई पाठ करून बसली होती. तिचं स्वतःचं बाळ जाऊन नऊ दिवस झाले होते. तिची चोळी दुधानं भिजायची, वाळायची, पुन्हा भिजायची. पण ह्या पोराकडं ती मान वळवून बघत नव्हती.

कुंची त्या गेलेल्या बाळाची. डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारी, जुन्या लुगड्याची, आतून घोंगडीचा मऊ तुकडा, कपाळावर दोन कवड्या. पोटात सातवा महिना असताना धोंडुबाईनं म्हसवडला बसून शिवलेली. मग दुष्काळानं त्यांना कळपासकट कराडकडं, उसाच्या रानात आणून सोडलं.

रंगुबाईचा जन्म मेंढरांत गेला होता. मेंढीचं कोकरू मेलं, की त्याचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायचं. मेंढी हुंगते आणि आपलंच म्हणून पाजते. अशी किती कोकरं तिनं जगवली होती.

"आये, नगं," पालाच्या तोंडाशी उभा असलेला तिचा लेक अर्जुना हळूच म्हणाला. "तिला लागंल ते."

"तुला लय कळतंय! मेंढरं सोडायची सोडून बायकांत काय उभा ऱ्हायलास?"

तो हलला नाही. रंगुबाईनं कुंची घातलेलं पोर सुनेच्या मांडीवर ठेवलं.

धोंडुबाईनं खाली बघितलं. कवड्यांवरून बोट फिरवलं. मग वाकून कुंचीला नाक लावलं आणि डोळे मिटले. हुंगलं, आता पाजंल, असं रंगुबाईच्या मनात आलं.

धोंडुबाईनं एकेक बंद सोडला. कुंची काढून घेतली. पोर उघडं पडलं.

"आत्या, मी काय मेंढी हाय व्हय?"

रंगुबाईची मान खाली गेली. आपण काय करून बसलो, ते तिला तेव्हा कळलं.

"चुकलं माजं, बाई. आण त्येला हिकडं." तिनं हात पुढं केले.

धोंडुबाईनं पोर दिलं नाही. तिनं कुंचीची घडी घातली, हातानं दाबून सारखी केली आणि उशाशी ठेवली. मग उघड्या पोराला उचलून पदराखाली घेतलं. थोड्या वेळानं कण्हणं थांबलं. पालात फक्त चुटूचुटू पिण्याचा आवाज राहिला. अर्जुनानं तोंड फिरवून डोळ्यांना पटक्याचं टोक लावलं.

"ती त्येची हाय, आत्या," धोंडुबाई म्हणाली. "ह्याला ह्याची नवी शिवा."