कुठे निघालीस?

"कुठे निघालीस?" सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं.

"कुठेच नाही," ती म्हणाली आणि भांडी विसळत राहिली.

सासूबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. निळी सुती पँट, गुडघ्यात ऐसपैस. वर राखाडी सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पुढे दोन खोल खिसे. "बरं, नको सांगूस," त्या म्हणाल्या. "पण जातेच आहेस तर माझ्या चष्म्याची दांडी तेवढी बसवून आण." आणि चष्मा तिच्या डाव्या खिशात टाकून त्या गेल्यासुद्धा.

कपडे काल तिच्या ताईने आणले होते. ताईचं तयार कपड्यांचं दुकान होतं. तीन पँटी, चार सदरे, कुठलाही कशावरही घाला, सगळे मशीनमध्ये टाका. मग तिने धाकट्या बहिणीचे विटके गाऊन गोळा करून गठ्ठा बांधला. "घरचा कपडा कसा हवा, सांगू? त्यात खाली बसून लेकीच्या बुटाची नाडी बांधता आली पाहिजे. आणि बेल वाजली तर दार पूर्ण उघडता आलं पाहिजे. तू दार उघडतेस ते चेहऱ्याएवढं. सहा वर्षांत शेजाऱ्यांनी तुझं नुसतं डोकंच पाहिलंय."

ते खरंच होतं. लेक झाली, नोकरी सुटली आणि अंगावर गाऊन आला, तो आलाच.

"एक दिवस घालून बघ," ताई म्हणाली होती. "उद्या संध्याकाळी येते. नको वाटले तर तुझा गठ्ठा तुला परत. एक अक्षर बोलणार नाही." गठ्ठा घेऊन ती गेली. एक गाऊन मात्र धाकटीने सिंकखाली दडवून ठेवला होता.

नवरा मोजे शोधत आत आला आणि थबकला. "आज कुठे दौरा?"

"घरीच आहे."

"घरी? अशी?" त्याचा चेहरा पडला. "कुणाचा वाढदिवस विसरलो का मी?" ती नाही म्हणाली, पण ते त्याला पटलं नाही. "बरं, जातेसच तर घड्याळाचा सेल बदलून आण." घड्याळ उजव्या खिशात गेलं.

मग ती गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली. "निघालात वाटतं?" शेजारच्या काकू कठड्यावरून म्हणाल्या. "येताना पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणाल?"

ती आत आली आणि कॅलेंडरसमोर उभी राहिली. आजचा चौकोन कोरा होता. फ्रिजवर चिकटवलेली शाळेची सूचना वाचली. पालकसभा पुढच्या महिन्यात होती. डॉक्टरांची तारीख होऊन गेली होती. एक माणूस चुकेल, तीन कसे चुकतील? तिने ताईला फोन लावला.

"ताई, मला आज कुठे जायचं होतं का गं?"

"भरल्या घरात हरवलीस की काय?" ताई म्हणाली. "दुकानात गिऱ्हाईक आहे. ठेव."

अकरा वाजता ती खरोखरच पिशवी घेऊन खाली उतरली. एवढे सगळे म्हणतात, तर गेल्यावर आठवेल. फाटकापाशी वॉचमन खुर्चीतून उठला. "गाडी बोलावू, मॅडम?" एरवी तो तिला भिंगरीची आई म्हणायचा.

"नको," ती म्हणाली. "मी परत आले." म्हणजे काय, ते तिलाही कळलं नाही. ती जिना चढून वर आली.

दुपारी साडेबारापर्यंत तिचा धीर संपला. तिने सिंकखालून गाऊन काढला. काखेत उसवलेला होता, रंग कुठला ते सांगता येत नव्हतं. पण त्यात कुणी काही विचारत नसे. संध्याकाळी ताईला सांगून टाकायचं, की बाई, तुझे कपडे छान आहेत, मीच त्यांच्या मापाची नाही. तिने सदऱ्याचं वरचं बटण काढलं.

बेल वाजली. गाऊन हातात धरूनच तिने दार उघडलं. सवयीने, चेहऱ्याएवढं.

फटीतून भिंगरी आत शिरली. बूट मातीने भरलेले, एक नाडी लोंबत होती. तिने आईकडे पाहिलं. मग चवड्यांवर चालत बाहेरच्या खोलीत डोकावली, स्वयंपाकघरात डोकावली आणि परत येऊन आईच्या कानाशी कुजबुजली, "कोण येणार आहे?"

"कुणी नाही गं."

"मग तू अशी का? तू बाहेर गेली नाहीस. म्हणजे कुणीतरी येणार आहे. पाहुणे येणार असले की तू अशी असतेस."

ती लेकीकडे बघत राहिली. सकाळपासून सगळ्यांनी तिला एकच प्रश्न विचारला होता. हा प्रश्न वेगळा होता.

"एक मुलगी येणार होती," ती म्हणाली. "शाळेतून. साडेबाराला."

भिंगरी एका पायावर उभी राहून विचार करू लागली. मग तिने दप्तर नीट केलं, गणवेश खाली ओढला आणि लोंबती नाडी आईपुढे केली. आई जमिनीवर बसली. पँट कुठेही ताणली नाही. तिने नाडीची गाठ मारली. भिंगरी बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

उंबऱ्यापासून आतपर्यंत मातीची पावलं उमटली होती. हातात गाऊन होताच. तिने तो पसरला, फरशी पुसली आणि सदऱ्याचं बटण लावलं.

बेल वाजली.

तिने दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं.

"घरात कुणी आहे का?" भिंगरीने मोठ्या माणसाच्या आवाजात विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "मी आहे."