पालींची भावकी

विज्ञानात नात्यागोत्याला थारा नाही, असं प्राचार्य रविकांत सर धीरगंभीर आवाजात म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या मेव्हण्याने मान डोलावली.

शुभांगी समोर उभी होती. नगरच्या त्या कॉलेजात चौघांची समिती आज तिच्या पीएचडीचा निकाल लावणार होती. पाच वर्षं तिने राजूरकडच्या डोंगरांत पाली धरल्या होत्या, त्यांच्या बोटांची रुंदी मोजली होती.

सरांचा गाजलेला सिद्धांत असा, की कड्यावर राहून पालीची बोटं रुंद होतात. पुरावा काय, तर कड्यावरच्या अकरा जाती. शुभांगीने त्यांचा वंशवृक्ष काढला, नाती हिशेबात धरून गणित पुन्हा मांडलं. अकराही जाती एकाच पूर्वजाच्या निघाल्या. बोटं त्याचीच रुंद होती. पुढच्यांना ती आयती मिळाली.

"म्हणजे पुरावे अकरा नाहीत, सर. एकच आहे. आपण तो अकरा वेळा मोजलाय."

"अगं, पालीला कसली आलीय भावकी?" मेव्हणे आदिनाथराव म्हणाले. ते संस्थेचे खजिनदार. पाल चुकचुकली की घराबाहेर पडायचं थांबत, एवढाच त्यांचा प्राणिशास्त्राशी संबंध. "भिताडावर दिसली का झाली पाल. लई डोकं चालवू नको."

समितीतले तिसरे, सरांचे साडू, हसले. मग चौथे, आदिनाथरावांचे जावई, तेही हसले. जरा उशिरा, कारण ते मोबाईलमध्ये होते.

"ते नात्याचं गणित काढून टाक," सर म्हणाले. "अकराच्या अकरा जाती एकच गोष्ट सांगतायत. आणखी काय पाहिजे तुला?"

"एका आजीच्या नाती दुसरं काय सांगणार, सर?" शुभांगी म्हणाली.

"मतं घेऊ," सर म्हणाले.

सरांनी हात वर केला. मेव्हण्यांनी सरांकडे पाहून केला, साडूंनी मेव्हण्यांकडे पाहून. जावयांनी सासऱ्यांकडे पाहिलं आणि मोबाईलसकट हात वर केला.

"प्रबंध नामंजूर," सर म्हणाले. "चार तज्ज्ञांची चार स्वतंत्र मतं. लिहून घ्या."

"एक लिहा," शुभांगी म्हणाली.

"काय?"

"चार नाही. एक लिहा."

तिला बाहेर जायला सांगण्यात आलं. थोड्या वेळाने चौघे खाली आले आणि एकाच गाडीत बसले. केडगावला जेवण होतं, सरांच्या सासूबाईंकडे.