लखीरामशेटचा गुडघा

लखीरामशेट ओट्याच्या कडेवरून काही केल्या उठेनात. म्युनिसिपल कमिटीचे प्रेसिडेंटसाहेब आले, सगळा बाजार उभा राहिला. शेटजींनी बसल्या बसल्याच हात जोडले. "गुडघा धरला," म्हणाले.

प्रश्न एवढाच होता, की कारंजा गावातला हा बाजाराचा रस्ता कोणत्या बाजूनं रुंद करायचा. एकतीस सालच्या हंगामात सरकी काढायच्या जिनाकडे निघालेल्या कापसाच्या बैलगाड्या इथं रोज अडकत. ज्याच्या बांधकामाला चाकं घासतात, त्याचंच पाडायचं ठरलं होतं. एका बाजूला शेटजींच्या दुकानाचा दगडी ओटा, चांगला तीन हात रस्त्यात आलेला. समोर सरवरीचं बांगड्यांचं दुकान. दुकान कसलं, दीड खण. त्यातले तीन हात गेले की उरणार मागची भिंत अन् बांगड्या टांगायचा खिळा.

"गाड्या हिच्याच भिंतीले घासतात," शेटजी म्हणाले. "माह्या ओट्याले आजवर चाक लागलं नाही."

"मंग माह्या भिंतीवर वंगणाचा एक डाग दाखवा," सरवरी म्हणाली.

चाकाच्या मधल्या तुंब्याचं काळं वंगण एकदा लागलं की निघता निघत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक.

"कालच चुना मारला असंन तिनं."

भिंत मातीची होती. चुना तिनं जन्मात पाहिला नव्हता. पण शेटजींच्या घरातून जिलेबीचा वास येऊन राहिला होता, अन् साहेबांना भूक लागली होती. ते सोबतच्या कारकुनाला म्हणाले, "लिहा. रस्ता सरवरीच्या बाजूनं रुंद करावा."

सरवरी मटकन खाली बसली. नवरा गेल्यापासून त्या दीड खणावरच तिची चूल पेटत होती.

शेटजींचा गुडघा मात्र तिथल्या तिथं बरा झाला. ते टुणकन उठले, साहेबांना वाकून नमस्कार केला, अन् "जिलेबी काढा हो" म्हणत घरात जायला वळले.

पांढऱ्याशुभ्र धोतराच्या बुडावर हातभर काळा पट्टा होता. ते बसले होते ती ओट्याची कडही तशीच काळी, सकाळच्या गाड्यांच्या वंगणानं अजून ओली.

कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. साहेब धोतराकडे पाहत होते. मग कारकुनानं न विचारताच सरवरीचं नाव खोडलं.

सरवरी पदर झटकत उभी राहिली.

"शेटजी," ती म्हणाली, "ते धोतर धुऊ नका. कमिटीच्या दप्तरात लागंन."