फलकावरचं नाव

गटारात उतरून मेलेल्या कामगारांसाठी काढलेला मोर्चा संपवून पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीची मंडळी परतली, तेव्हा भोजनगृहात ताटं मांडून तयार होती. प्राचार्य सिलास यांनी उन्हातून मिरवलेला फलक भिंतीला टेकवला आणि ते जेवायला बसले. फलकावर एका मृताचं नाव होतं: दगडू रणपिसे.

भात वाढायला आलेल्या सुलाबाई फलकापाशी थबकल्या. पदराने त्यावरची धूळ पुसत म्हणाल्या, “सर, हा मला द्याल? आमच्या मालकांचं नाव आहे.”

प्राचार्यांचा घास हातातच राहिला. आडनावावरून जात कळते म्हणून इथे प्रत्येकाला पहिल्या नावानेच हाक मारायची, हा नियम त्यांनीच घातला होता. त्यामुळे अकरा वर्षं त्यांचं अन्न शिजवणाऱ्या बाईंचं आडनाव त्यांना ठाऊकच नव्हतं. नवरा कसा गेला, हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“मग तुम्ही मोर्चाला का नाही आलात?” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

सुलाबाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला.

“मंगळवारी रजा मागितली होती की, सर. तुम्हीच म्हणालात, सगळे मोर्चाला निघालेत, तर मागे रांधायचं कुणी?”