पहारेकऱ्याचा खिसा

"दादा, ह्या खेळात फासे न्हाईत. ज्यानं त्यानं गोष्टीतलं एक पात्र व्हायचं. झुंज लागली की काय घडलं ते सांगायचं, सगळ्यांना पटलं तरच ते खरं," पुण्याहून आलेली धाकटी बहीण शिवकन्या म्हणाली. मी किल्ल्याचा पहारेकरी झालो, माझी बायको हर्षाली घोडेस्वार. दारात गाठ पडली, पण तिनं तलवार उपसलीच नाही. "माझं पत्र ह्या पहारेकऱ्याच्या खिशात हाय. चार दिवस झाले," ती म्हणाली. लातूरच्या नोकरीचं तिचं पत्र पोस्टमननं सोमवारी फाट्यावर माझ्याच हातात दिलं होतं. ती जाईल या भीतीनं दडवलेलं ते खरंच खिशात होतं. हिला कळलं, का नुसती खेळतीय? फासा असता तर टाकून मोकळा झालो असतो. "पहारेकरी म्हणतो, पत्र आलंच न्हाय," मी चाचरलो. शिवकन्येनं मान हलवली. "न्हाय पटलं, दादा." हर्षालीनं हात पुढं केला. तो घोडेस्वाराचा का बायकोचा, मला कळंना.